लायसोलेसिथिनचा रकाना

खंडेनवमीला मी प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीझरचा प्लग काढला आणि परत लावला नाही. दसरा झाला, शनिवार-रविवार झाला. सोमवारी बाईंनी फ्रीझरचं दार उघडलं तेव्हा आत पाणी होतं.

बाई म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. त्यांना जाऊन आता दोन महिने झाले. शोकसभेत चार जण बोलले. विभागात पहिला संगणक बाईंनी आणला, हे चौघांनीही सांगितलं. ज्या प्रश्नामागे त्यांची नोकरीची बहुतेक वर्षं गेली, त्याचा उल्लेख एकानेही केला नाही. मी शेवटच्या रांगेत होते. मीही उठले नाही. त्याची चीड अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

प्रश्न असा होता. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. घाबरल्यावर छातीत धडधडतं ते तिच्यातल्या ॲड्रिनलिनमुळे. हे संप्रेरक पेशीत सुटं फिरत नाही. बारीक कणांमध्ये साठवलेलं असतं. कणाच्या आत त्याच्या जोडीला प्रथिनं दाटलेली असतात आणि कणाभोवती मेदाचं पातळ आवरण असतं. त्या आवरणात लायसोलेसिथिन नावाचा मेद नको इतका सापडतो. नको इतका म्हणायचं कारण, हा पदार्थ साबणासारखा वागतो, आवरणं विरघळवतो. तो आवरणातच काय करतो? काही जण म्हणत, तो मुळातच तिथे असतो आणि कणातून संप्रेरक बाहेर पडायला मदत करतो. बाकीचे म्हणत, जिवंत जनावरात तो नसतोच. ग्रंथी काढून प्रयोगशाळेत आणेपर्यंत आवरणातल्याच साध्या मेदाची, लेसिथिनची, मोडतोड होते आणि तो तयार होतो. म्हणजे आपणच उशीर करायचा आणि आपलाच उशीर मोजायचा. बाईंचं मत पहिल्या बाजूचं होतं, पण मताला त्या किंमत देत नसत. त्यांना पुरावा हवा होता, आणि त्या खंडेनवमीला त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

दोन हिवाळे मी पहाटे कत्तलखान्यात जात होते. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात तसला लिक्विड नायट्रोजनचा कॅन मोपेडवर पायांत धरून. म्हशींच्या ग्रंथी निघाल्या की एक तिथल्या तिथे नायट्रोजनमध्ये टाकायची, दुसरी अर्धा तास तशीच ठेवायची, तिसरी तासभर. तिथला म्हातारा खाटीक मला रोज विचारायचा, "ताई, आख्खी किडनी न्या की. टोपी काढून नेता आणि डोकं इथंच ठेवता, हा कुठला हिशेब?"

पहिल्या मिनिटाच्या ग्रंथीतही लायसोलेसिथिन तितकाच निघाला, तर तो खरा. वेळेबरोबर वाढत गेला, तर आमचाच उपद्व्याप. इतकं सरळ होतं.

प्रथिनं मी येईल त्या नमुन्यावर लगेच पाहत होते. मेदाचं मात्र बाईंनी राखून ठेवायला लावलं होतं. सगळे नमुने जमले की एकाच आठवड्यात, एकाच बाटलीतल्या द्रावकाने, एकाच हाताने मोजायचे, नाहीतर तुलना खोटी. मी एकदा म्हटलं होतं, "बाई, निम्मे आत्ता करून टाकते." त्या म्हणाल्या, "निम्मं लग्न आत्ता, निम्मं दिवाळीनंतर, असं करतात का कुणी?" नमुने फ्रीझरमध्ये साठत गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. शिपाईमामा सगळी यंत्रं पुसायचे, कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, झेंडू वाहायचे. बाईंचा कशावर विश्वास नव्हता, पण मामांना त्यांनी कधी अडवलं नाही. फ्रीझर दरवर्षी चालूच ठेवून हार घालायचे. त्या वर्षी मामा म्हणाले, "ताई, चालू मशीनची कसली पूजा? वर्षातनं एक दिवस त्यालाही बसू दे की." मागच्या जाळीवर बोटभर धूळ होती, तीही काढायची होती. मी म्हटलं, दहा मिनिटांनी काय होतंय. प्लग काढला, जाळी झाडली, मामांनी हार घातला. तेवढ्यात वरून हाक आली. नवा संगणक खोक्यातून काढला होता आणि त्याचा नारळ फोडायला सगळे जमले होते. मी वर गेले. पेढे खाल्ले. कुणीतरी पडद्यावर रंगीत मासे पोहताना दाखवले, ते पाहिले. तिथूनच घरी गेले. फ्रीझरच्या अलार्मची बॅटरी कधीच संपली होती आणि ती बदलायचं कामही माझंच होतं.

बाई मला तू म्हणत. सोमवारी त्या म्हणाल्या, "आपण पूजा यथासांग केलीत. देव प्रसन्न झाला असेल. फ्रीझर झालेला दिसत नाही."

हार अजून दारावर होता. मामा तो काढायला पुढे झाले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या मामा. आता शोभतोय."

तरीही आम्ही मेद मोजले. काचेच्या पट्टीवर नमुन्यांचे ठिपके देऊन मेद वेगळे केले आणि पट्टी आयोडीनच्या वाफेत धरली. पिवळट डाग उमटले. पहिल्या मिनिटाचा, अर्ध्या तासाचा, तासाचा: लायसोलेसिथिनचा डाग सगळीकडे सारखाच. बाईंना हवं होतं तेच. पण तो मुळापासून सारखा होता, की चार दिवसांच्या वितळण्याने सगळे एका पातळीला आले होते, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. मी ती पट्टी कितीदा प्रकाशात धरली याची गणती नाही. शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी म्हणाला, "बाई, छापून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या.

पुन्हा सुरुवात करायची म्हणून त्यांनी अनुदानासाठी अर्ज केला. समितीने विचारलं, याचा उपयोग काय? दोन हिवाळे मागणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहायची नसते. पुढच्या वर्षी नमुन्यांवर काम करायच्या थंड खोलीतले गारव्याचे पंखे काढले आणि तिथे संगणकांची रांग लावली. बाई निवृत्त झाल्या. माझा प्रबंध फक्त प्रथिनांवर झाला. मेदाचं प्रकरण गाळलं आणि तरी मला पदवी मिळाली. पुढे मी खराडीला एका कंपनीत लागले. रुग्णांच्या तपासण्यांची माहिती भरायचं सॉफ्टवेअर बनतं, ते चुकतं कुठे ते मी शोधते. चुका शोधण्याचे मला चांगले पैसे मिळतात.

शनिवार पेठेतल्या बाईंच्या घरी मी दर महिन्याला जायचे. चहा ठेवताना त्या न चुकता विचारायच्या, "घरचा फ्रिज चालू ठेवून आलीस ना?" दोघी हसायचो. मला ते हसू कधी मनापासून जमलं नाही. शेवटच्या खेपेला मी न राहवून म्हटलं, "बाई, मी तेवढा प्लग..."

"निम्मे आत्ता करते, असं तू म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं." मग कपबश्या उचलून आत गेल्या.

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. माझा दोष होता तेवढाच राहिला आणि त्यांनी इतकी वर्षं स्वतःचा वेगळा सांभाळला होता, हे वर कळलं.

त्यांच्या भाच्याने नमुन्यांची वही मला दिली. ग्रंथीचं वजन, नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ, प्रथिनं, हे सगळे रकाने माझ्या अक्षरात भरलेले आहेत. लायसोलेसिथिनचा रकाना बाईंनी पट्टीने आखला होता. तो कोरा आहे.