झडतीवालीची फणी

“केस सोडायचे असा नियम आहे; बांधायचे कुणी, ते नियमात नाही,” झडतीवाली एकदा म्हणाली होती. मावशीनं ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं.

मावशी शिवणकाम करायची आणि दर महिन्याला भाचीला, ठमीला, घेऊन तुरुंगात यायची. ठमीची आई, म्हणजे मावशीची ताई, आत होती. पूर्वी भेटीला ठमी आईच्या मांडीवर बसायची. मग कुणाच्या तरी मुलीच्या वेणीतून चिठ्ठी आत गेली आणि वरून फर्मान सुटलं. दारातच मुलींचे केस सोडून तपासायचे. आत कैद्यांनी मुलांना हात लावायचा नाही. बाहेर पडताना केस भेटीच्या पासावरल्या फोटोतल्यासारखे बांधलेले हवेत, म्हणजे आली तीच मुलगी गेली हे पडताळता येईल. फर्मान काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिठ्ठी होती. ठमी नव्हती.

झडतीवाली तोंडाची फटकळ. “डोकं आहे की घरटं?” असं ठमीला विचारायची. मावशीला तर भर रांगेत ऐकवलं होतं, की बाई, शिवणकाम तुम्ही करता, मग पोरीच्या फ्रॉकचं बटण मी लावू का? बापाला भेटून निघालेल्या मुलींच्या वेण्या ती स्वतः घालायची, त्याही अशा झरझर की मावशी बघत राहायची. ठमीचे केस मात्र तिनं पहिल्याच दिवशी मोकळे ठेवले, खिशातली जाड दातांची फणी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “जा, आईकडून बांधून घे.”

तेव्हापासून सगळी भेट त्या वेणीत मावायची. ताईला गुंता सापडायचा, नसलेलाही. बांधून झालेली वेणी तिला वाकडी वाटायची, ती सोडायची, पुन्हा पेड घ्यायची. घरी ठमी रात्रीसुद्धा ती वेणी सोडू द्यायची नाही.

नवे साहेब आले ते नेमके भेटीच्या वेळी. ताईची बोटं ठमीच्या केसांत होती. साहेब आवाज न चढवता म्हणाले, की हात लावायचा नाही म्हणजे नाही. यापुढे वेणी झडतीवालीनंच घालायची. ताईनं हात मागे घेतले आणि मांडीवर उलटे ठेवले.

“हो साहेब,” म्हणून झडतीवाली ठमीच्या मागे बसली. भांग नागमोडी गेला. दोन पेड धरले की तिसरा सुटायचा. ठमी कळवळली. झडतीवालीनं सगळं सोडलं, पुन्हा सुरुवात केली, आणि याही खेपेला वेणी कानाजवळ येऊन निसटली. बाहेर रांग कुरकुरू लागली. साहेबांनी फोटो पाहिला, डोकं पाहिलं.

“तुम्हाला वेणी येत नाही?”

“कधी जमलीच नाही, साहेब.”

मावशीनं मान खाली घातली. हसू फुटलं असतं तर होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं.

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बांधू दे तिच्या आईलाच. दर वेळी. रांग खोळंबायला नको.”

झडतीवालीनं फणी ताईच्या हातात ठेवली. ताईला लगेच गुंता सापडला. बाहेर पुढच्या मुलीची वेणी सोडायची होती; झडतीवाली उठली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेली.