कुंदाताईने गाडी जाळली नाही

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोपोलीच्या माझ्या गॅरेजमध्ये एका टेंपोखाली आडवा होतो. दादाचा फोन होता, तिच्या सख्ख्या भावाचा. "सुध्या, कुंदा गेली रं. चहा टाकून बसली होती. उतू गेल्याचा वास आला म्हणून माझी सून बघायला गेली, तर…" मी हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच टेंपोखाली पडून राहिलो. वर यायचं म्हणजे लोकांना तोंड दाखवायचं, आणि मला तेच नको होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पळसदरीच्या तिच्या अंगणात माणसं मावत नव्हती. बुद्धवंदना झाली, तहसील कचेरीतले तिचे जुने सहकारी बोलले, आणि शेवटी एक शेजारी उठले. प्रेमानेच म्हणाले, "बाई मोठी जिद्दीची. इतकी, की हट्टाने बोरघाटात स्वतःची गाडी जाळली. बरं, सुधाकरभाऊंसारखा भाऊ होता म्हणून पुन्हा उभी राहिली ती गाडी." डोळे पुसता पुसता लोक हसले. दोघातिघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. ही गोष्ट कर्जतपासून खालापूरपर्यंत आमच्या सगळ्या गोतावळ्यात वर्षानुवर्षं सांगितली जाते आहे, आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्या सभेतही मी गप्प बसलो. ते आता पुरे झालं, म्हणून लिहायला घेतलं आहे.

कुंदाताई माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेला. शिकली, तहसील कचेरीत लागली, लग्न केलं नाही. तिचे वडील कळंबजवळ मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठनी बंगला मोडला तेव्हा त्यांची जुनी अमेरिकन गाडी काकांना देऊन टाकली. पलंगाएवढं बॉनेट आणि ऑटोमॅटिक गिअर. काका गेल्यावर गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. क्लचचं पायडल नाही म्हणून आमच्याकडे कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. आणि जे आम्हा सगळ्यांना त्या गाडीचं वैगुण्य वाटत होतं, ते कुंदाताईने बरोबर हेरलं. एका रविवारी काठी शेडच्या दाराला टेकवून ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "हिला माज्यासारखाच एक पाय पुरतो रं," म्हणाली. शिकवलं मी. म्हणजे, शेजारी बसून घाबरायचं काम मी केलं. पुढच्या महिन्यापासून बाई कचेरीत गाडीने जायला लागल्या, आणि पानटपरीवरची माणसं उभी राहून बघायला लागली.

गाडीत खोट एकच होती. असल्या गाड्या शेठलोकांसाठी बनलेल्या. गिअर बदलला हे मागे बसलेल्याला कळूही नये, इतक्या हळुवार बदलायच्या. सपाट रस्त्यावर ते सुखाचं. चढावर मात्र दुसऱ्याचा तिसरा पडताना इंजिन ओरडायचं आणि गाडी विचार करत बसायची. तेवढ्या वेळात आतल्या क्लचप्लेटी घासतात, तापतात. आमच्या खोपोलीत घाटाच्या ट्रकांचे क्लच उतरवण्यात हयात गेलेली माणसं आहेत, पण ऑटोमॅटिक कुणी उघडलेला नव्हता. सगळ्यांचा सल्ला एकच, हा काढून जीपचा साधा गिअरबॉक्स बसवा. दादानेही तेच लावून धरलं. "बसवा की," ती म्हणाली. "आन् मग क्लच दाबायला तू रोज येशील ना माज्या मांडीवर बसायला?"

तिने स्वतः वाचून, विचारून उपाय शोधून काढला. या गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाच्या वाटा कोरलेला एक ठोकळा असतो आणि त्यावर भोकांची पत्र्याची प्लेट. त्या भोकांतून तेल क्लचकडे जातं. भोक जरा मोठं केलं आणि आतली स्प्रिंग कडक घातली की तेल जोरात जातं, क्लच झटक्यात धरतो. धक्का बसतो, पण घसरत नाही. दादाचा मुलगा बोटीवर होता, त्याने बाहेरून स्प्रिंगचं पुडकं आणि मापाचा ड्रिल आणून दिला. ते घेऊन ती माझ्या गॅरेजवर आली. "मला मऊ नको सुध्या. पकड पायजे. हे कर, आन् मग मी एकटी घाटाने वर जाणार." मी विचारलं, वर काय आहे? "काय नाय. वर जाऊन खाली यायचं."

मी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं झाकण, उतरवलं. प्लेट काढून बाकावर ठेवली, ड्रिल लावला… आणि थांबलो. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तिच्या काळजीने थांबलो, घाटात एकटी कशाला जायची म्हणून. तसं नव्हतं. मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. आपल्या हातून चुकलं तर खोपोलीभर हसू होईल, या भीतीने थांबलो. प्लेट पुसली, होती तशीच बसवली, जुनी स्प्रिंग आत, नवी भंगाराच्या डब्यात. तेल नवं भरलं. नव्या तेलाने दोन दिवस फरक वाटतोच. संध्याकाळी ती आली तेव्हा म्हणालो, "झालं ताई, तू सांगितलंस तसं."

तिने माझ्या शब्दावर गाडी घाटात घातली. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडच्या चढावर गिअर घसरायला लागला, आणि आता पकड आहे असं समजून ती दाबत राहिली. प्लेटी जळाल्या. बॉनेटखालून धूर बघून ट्रकवाले धावले. दोरीने ओढून गाडी खाली आणली ती मीच. तिने माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "माजंच काय तरी चुकलं ना रं?" मी म्हणालो, "जुनी गाडी आहे ताई…" एवढंच. हे वाक्य मी किती वेळा गिळायचा प्रयत्न केला आहे, ते जात नाही.

त्यानंतर गाडी शेडमध्ये. ती साइडव्हीलच्या स्कूटरवर भिजत कचेरीत गेली, लांब जायचं तर कुणाच्या तरी मागे बसून, कुणाच्या तरी सवडीने. लग्नकार्यात 'गाडी जाळल्याची' गोष्ट निघायची आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. मी तेव्हा पाणी आणायला वगैरे उठायचो.

निवृत्त झाल्यावर तिने पुन्हा विषय काढला. दादाच्या त्याच मुलाकडून नव्या क्लचप्लेटी मागवल्या, नवी स्प्रिंगही. मी म्हणालो, गिअरबॉक्स गॅरेजवर नेतो. "नाय. हितं पडवीत उघड. माज्यासमोर." मी चेंबर काढलं, ठोकळा काढला, प्लेट तिच्या हातात दिली. न देऊन काय करणार होतो? तिने चष्मा लावला. तो जुना ड्रिल तिने जपून ठेवला होता. तो बोटात धरून भोकात घालून पाहिला. जाईना. शेजारच्या भोकात पाहिला, पुन्हा पहिल्यात. मग प्लेट पदराने पुसून माझ्यापुढे धरली. "कर आता. मी धरते." मी भोक मोठं करत गेलो. पत्र्याचा कीस तिच्या साडीवर पडत राहिला.

पंधरवड्यात गाडी उभी राहिली. ती एकटीच वर गेली. मला शेजारी बसू दिलं नाही. मी खोपोलीत वळणावर उभा. परतली तेव्हा काच खाली करून म्हणाली, "दार आपटल्यासारखा पडतो तिसरा. मान हलते. झकास." मी खिडकीला धरून म्हणालो, "ताई, त्या वेळी मी…"

"मला नको सांगूस. मी भोक बघितलंय. ज्यांनी मला हसून घेतलं त्यांना सांग."

सांगतो म्हणालो. दिवाळीत सांगू, पुढच्या लग्नात सांगू, असं करता करता ती गेली. मधल्या काळात गोष्टीला नवी शेपटी फुटली होती, कुंदाने जाळली आणि सुध्याने सुधारली. ती ऐकून ती माझ्याकडे बघायची आणि ताटातलं जेवत राहायची.

हा लेख पाठवण्याआधी दादाला घरी जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमी हसायचो तवा ती पण हसायची रं…" मग उठला आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. गाडीला गिऱ्हाईक आलं होतं म्हणाला, पण त्याला धक्के नकोत, मऊ करून पाहिजे. "तू बोल त्याच्याशी." मी तिथंच फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

परवा सकाळी गाडी घाटात घातली. तीस वर्षं क्लच दाबलेला माझा डावा पाय प्रत्येक चढाला उचलला जात होता, हवेत काहीतरी शोधत होता. तिथे खाली कुंदाताईने एक तिरपी लाकडी फळी ठोकून घेतली होती, तिचा पाय घसरू नये म्हणून. टाचेच्या जागी तिला खळगा पडलाय. देवळाच्या अलीकडे मी त्या खळग्यात पाय टेकवला आणि तिथेच राहू दिला. गिअर पडला. मान हलली. गाडी वर निघाली.