आईच्या वर्गाचं होस्टिंग

आईच्या गळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख महिन्याभराने मिळाली. घरी येऊन आईने पदर खोचला आणि म्हणाली, "तोवर माझे धडे रेकॉर्ड करून ठेव."

धडे मराठीचे. बडोद्यात मराठी घरं पुष्कळ, पण त्यातली मुलं हल्ली स्वतःच्या आजीलाही "केम छो" म्हणतात. अशा मुलांना आई कितीतरी वर्षं दर रविवारी फतेगंजच्या आमच्या घरात मराठी वाचायला-बोलायला शिकवत आली होती. महिनाभर रोज सकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही चाळीस धडे केले. शेवटच्या काही धड्यांत तिचा आवाज घोगरा होत गेलेला कळतो. ते परत घेऊ या म्हटलं, तर म्हणाली, "घोगरं मराठीही मराठीच असतं. पुढे चल."

शस्त्रक्रियेनंतर ती पाटीवर लिहून बोलू लागली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते तिने नाकारलं. पोरं घाबरतील, असं लिहिलं. धडे फुकटच्या व्हिडिओ साइटवर टाकू या म्हटलं, तर "मध्येच साबणाची जाहिरात नको." तयार कोर्सवाल्यांची साइट दाखवली, तर "माझा वर्ग दुसऱ्याच्या दुकानात नको." म्हणजे साइट आपली, वर्ग आपला, आणि हे सगळं इंटरनेटवर ठेवायला भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, शोधायचं काम माझ्या डोक्यावर.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. जन्म गेला व्हॉल्व्ह आणि पंपांची कोटेशनं मागवण्यात. पुरवठादार मला टरकून असतात, असा निदान माझा तरी समज आहे. होस्टिंगलाही मी तोच खाक्या लावला. तीन कंपन्यांची कोटेशनं मागवली, तक्ता केला. सर्व्हर कुठे आहे, बॅकअप किती वेळा घेणार, साइट बंद पडली तर धावून कोण येणार. तिघांनीही मला एकच उलटा प्रश्न विचारला, एका वेळी किती जण असतील? मी म्हटलं, ऑनलाइन कोर्स आहे, ज्याला जेव्हा सवड तेव्हा तो बघणार. पाच लिहा. फार तर दहा.

त्या बेताने सामायिक होस्टिंग घेतलं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांचे संसार. तक्ता आईला दाखवला तेव्हा तिने माझी पाठ थोपटली. पन्नाशीच्या माणसाला ते किती बरं वाटतं, हे सांगून पटणार नाही.

मग दसरा आला. आईचा वर्ग दरवर्षी दसऱ्याला पाटीपूजनाने सुरू व्हायचा, सगळी मुलं एकत्र. यंदाही तिने स्वतः ग्रुपवर लिहिलं, "दसऱ्याला बरोबर अकरा वाजता सर्वांनी वर्ग एकदम उघडावा. आधी कोणीही उघडू नये." अकरा अशासाठी, की तोवर सगळे फाफडा-जिलबीच्या रांगेतून घरी पोचलेले असतात. तिचे जुने विद्यार्थी आता आईबाप झालेले, कुणी तरसालीला, कुणी सुरतेला, कुणी दुबईला. शंभरावर मुलांची नावं आली होती. तो निरोप मी वाचला, मला आवडला, आणि मीच तो आणखी चार ग्रुपांवर पाठवला. तक्ता करणारा मी, दहा जण लिहिणारा मी. तरी डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

आई नवी साडी नेसून संगणकासमोर बसली. अकराला वर्गातल्या मुलांचा आकडा भराभर चढू लागला. वीस झाले, चाळीस झाले. आई कित्येक महिन्यांनी मोकळी हसली. मग पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

आईचा फोन वाजला. सवयीने तिने उचलून कानाला लावला, तोंड उघडलं. पलीकडून एक आई मोठमोठ्याने बोलत होती, "बाई, इथे तर ते चाक नुसतं गोळ गोळ फर्याच करे छे! पोरं आंघोळ करून पाट्या घेऊन बसलीयत. बाई? ऐकू येतंय ना, बाई?" आईने फोन माझ्यापुढे धरला आणि पाटीवर घाईघाईने लिहिलं, "सांग, थांबा."

मी थांबा सांगत राहिलो. एक फोन ठेवला की दुसरा. होस्टिंगवाल्यांचा माणूस चॅटवर लिहीत होता की आपली गैरसोय आम्ही समजतो, आपल्या योजनेची मर्यादा ओलांडली गेली आहे, थोड्या वेळाने साइट आपोआप सुरू होईल. मी विनवलं, धमकावलं, परत विनवलं. तो दर वेळी तेच वाक्य पाठवायचा. आई शेजारी बसून माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दीड वाजता साइट उघडली. तोवर घरोघरी जेवणं आटपली होती. तीन मुलं आली, तीही पाच मिनिटांत गेली.

पुढच्या आठवड्यात मी सगळं उचलून स्वतंत्र सर्व्हरवर नेलं. तिथे पाचशे जण एकदम आले तरी चालतं. सगळ्यांना माफीचा निरोप पाठवला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली आणि लिहिलं, सवडीने बघतो. सवडीने म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. मीही पुरवठादारांना तेच सांगतो.

ऑफिसातून मी रोज आकडा बघायचो. शून्य. कधी दोन, परत शून्य. दिवाळीनंतर मात्र रोज अकराला तिथे एक दिसू लागला. रोज, न चुकता, अर्धा तास. मी संध्याकाळी आईला सांगितलं, "एक पोर नेमाने येतंय बघ." तिने मान हलवली.

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी अकराला तो एक दिसला, तेव्हा तिला दाखवायला मी फोन घेऊन तिच्या खोलीकडे गेलो. दार अर्धवट उघडं होतं. आतून तिचाच आवाज येत होता, शस्त्रक्रियेआधीचा. पलंगावर टॅबलेट उभा करून ती ताठ बसली होती. टॅबलेटमधली आई एक वाक्य वाचायची, म्हणायची, "आता तुम्ही म्हणा," आणि मुलांना म्हणता यावं म्हणून थोडा वेळ गप्प राहायची. तेवढ्या वेळात पलंगावरच्या आईचे ओठ हलत होते.