न्हाव्याच्या दुकानापर्यंत दोर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाच किलोंच्या वर जोर लावायचा नाही. चालायचं मात्र रोज."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. तिथं आमची पिठाची गिरणी होती आणि तिचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणं हा अण्णांचा सकाळचा मान होता. "तो दुसऱ्याला देण्यापेक्षा गिरणी विकतो," म्हणाले, आणि जेवण कमी केलं.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरीच होते. इंजिनाच्या जड चाकाचं वजन आणि त्रिज्या घेऊन हिशेब मांडला. चाकाला वेग द्यायला किती टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागेल हे त्याला किती वेळ देतो त्यावर ठरतं. वेळ वाढवली की जोर कमी. हँडल मारताना दम टिकतो तेवढ्यात सगळं उरकावं लागतं. पण आसावरच्या लहान पुलीला दोर गुंडाळून तो ओढत चालत गेलं, तर पाच किलोंत भागत होतं. फक्त दोर लांब हवा.

गावातल्याच द्वारका चौकातून दोर आणला. चाकावर नजर हवी म्हणून अण्णा उलटे चालत रस्त्यापर्यंत गेले. चाकाला वेग आल्यावर मी आत इंजिनातला हवेचा दाब रोखणारा खटका सोडला. इंजिन फुसफुसून गप्प झालं. मी घर्षण धरलंच नव्हतं. पुन्हा हिशेब केला, दोर वाढला, आणि अण्णांची शेवटची पावलं समोरच्या न्हाव्याच्या दुकानात पडू लागली.

"बसा अण्णा, आलाच आहात तर," दारातली खुर्ची सरकवून वाट देत न्हावी म्हणायचा.

डबे घेऊन रांगेत उभ्या बायकांतली एक म्हणाली, "काय गं, वडील कुठं निघाले?"

"इंजिन सुरू करायला."

"मग गिरणीपासून लांब का चाललेत?"

"जोर कमी लागावा म्हणून."

"मग इगतपुरीला जा म्हणावं, काहीच लागणार नाही!"

घर्षण सोडलं तर तिचं बरोबर होतं.

शेवटी डॉक्टर स्वतः आले. दोराला ताणकाटा बांधला आणि काट्यावर डोळे लावून अण्णांबरोबर रस्ता ओलांडत गेले. "साडेचार," ते न्हाव्याच्या आरशापाशी म्हणाले. पलीकडे इंजिन धडधडू लागलं होतं. "चालू द्या." अण्णा त्या दिवशी दोन भाकरी जेवले.

अण्णा गेले ते पुढं काही वर्षांनी, झोपेत. तेराव्यानंतर मी विजेची मोटार बसवली. बटण दाबलं की पट्टा लगेच फिरतो. मला ती घाई वाटते.

न्हावी मात्र सकाळी दारातली खुर्ची अजून बाजूला सरकवतो.