नसलेल्या खाटेचं ताट

दवाखान्यात तिला सगळे गुंतामावशी म्हणत. ते नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं हे आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्यानं माणूस बरोबर ओळखलं होतं. ती नोंदींच्या खोलीत बसायची. आत आलं की उजव्या हाताला तिचं टेबल, त्यावर पाण्याची बाटली, चष्म्याची पेटी आणि कळा पुसट झालेला कीबोर्ड. दवाखान्याचा सगळा डेटाबेस, म्हणजे रुग्ण, खाटा, औषधं, जेवणं, यांच्याशी ज्या भाषेत बोलायचं त्या एसक्यूएलमध्ये कुणाचं काही अडलं की तो माणूस तोंड पाडून तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा.

येणारे सगळे नवशिके. चार दिवसांचं शिकवणं अंगावर घेऊन आलेले कारकून, नाहीतर वरून हुकूम आला म्हणून शिकायला बसवलेल्या नर्सा. एका कारकुनानं डिलीट, म्हणजे पुसून टाक, असं लिहिलं आणि व्हेअर, म्हणजे नेमकं कुठलं, ते लिहायलाच विसरला. मावशीनं त्याचं मनगट धरलं. म्हणाली, आधी तेच सिलेक्ट लावून बघ, कोण कोण मरतंय ते डोळ्यांनी बघ, मग कुऱ्हाड उचल. एका नर्सनं संगणकातलं रुग्णांचं टेबल, म्हणजे तक्ता, औषधांच्या टेबलाला जोडलं, पण कशावरून जोडायचं ते सांगितलंच नाही, आणि वॉर्डातल्या प्रत्येकाच्या नावावर दवाखान्यातलं प्रत्येक औषध आलं. मावशी हसून म्हणाली, दहा घरची मेंढरं एका वाड्यात कोंडलीस आणि खूण कुणालाच केली नाहीस, मग प्रत्येक मेंढरू प्रत्येकाचंच होणार की. आणखी एक जण रिकाम्या जागा शोधायला बरोबरचं चिन्ह लावून बसला होता, उत्तरात एक ओळ येईना. त्याला तिनं सांगितलं की शून्य म्हणजे घरात कोणी नाही हे माहीत आहे, आणि नल म्हणजे आत कोणी आहे की नाही हेच माहीत नाही. जे माहीतच नाही त्याला बरोबर कशाच्या धरणार? तिथं इज नल असंच विचारायचं.

हे सगळं तिला शिकवलं अण्णांनी. ती टायपिंगच्या खोलीतली. अण्णांनी तिला तिथून उचलून आपल्या हाताखाली घेतलं. डेटाबेस सांभाळायचं काम त्यांचं. अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं, आणि नोंदीच्या बाबतीत असे कडक की अण्णांनी लिहिलं म्हणजे दगडावर लिहिलं. त्यांची बायको याच दवाखान्यात गेली होती, बायकांच्या वॉर्डात, खिडकीच्या कोपऱ्यातल्या खाटेवर. सगळ्यांना ते ठाऊक होतं. एखाद्याचं लंगडणं ठाऊक असावं तसं ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी अण्णा त्यांच्या खोलीत थोडे मागे राहायचे. तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवेलागणीला दवाखान्यात दोन गोष्टी व्हायच्या. एक म्हणजे खाटांचं टेबल थोडा वेळ अडकायचं. कुणाला खाट द्यायची तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राही, मग आपोआप सुटे. नर्सांनी त्याला नाव ठेवलं होतं, दिवेलागणीची बया. बया आली, हात बाजूला घ्या, असं म्हणून त्या तेवढ्यात चहा उरकून घेत.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. स्वयंपाकघरातून ट्रॉली घेऊन वॉर्डात फिरणाऱ्या माणसाला सगळे ताटवाला म्हणत. त्याची यादी संगणकातून निघायची. अधूनमधून त्या यादीत बायकांच्या वॉर्डात एक ताट जास्त यायचं, कोपऱ्यातल्या खाटेचं. आता ती खाट पाय मोडल्यामुळे कधीच भंगारात गेली होती. फरशीवर तिच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते, आणि टेबलातली तिची ओळ कुणी काढली नव्हती. ताटवाला ताट घेऊन जायचा, डागांपाशी थांबायचा आणि परत यायचा. सुरुवातीला तो मावशीची थट्टा करायचा, जेवणारीचं नाव तरी सांगा, तिखट कमी घालतो. मग त्याची थट्टा थांबली. तो ताट खिडकीत ठेवायला लागला, आणि ठेवल्यावर तिकडं पाठ न करता मागं मागं सरकत ट्रॉलीपर्यंत यायचा.

मावशीनं दोन-चारदा शोधून पाहिलं. सकाळी पाहावं तर खाट रिकामी. अण्णांना विचारलं की ते म्हणत, बघतो. अण्णा बघतो म्हणाले की विषय संपला.

आणि एके दिवशी दिवेलागणीलाच अण्णा गेले. छातीवर हात दाबत खोलीतून बाहेर आले आणि जिन्यापाशी भिंतीला टेकून खाली बसले, ते बसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीचं काउंटर बंद पडलं. बया आदल्या संध्याकाळी आली होती, ती गेलीच नव्हती. रात्रपाळीनं कागदावर कसंबसं निभावून नेलं होतं. आता बाहेर स्ट्रेचर ओळीनं लागलेले, नातेवाईक तावातावानं बोलणारे, आणि एकालाही खाट देता येईना. मोठ्या डॉक्टरांनी निरोप धाडला की कंपनीचा इंजिनिअर दुपारी येतोय, काय अडकलंय ते तो उघडून बघेल आणि लेखी देईल. नर्सा दाराशी कुजबुजत होत्या की अण्णांनी धरून ठेवलंय. मावशीनं त्यांना हाकललं आणि खुर्चीत बसली.

कोण कुणाला अडवून बसलंय याची यादी तिनं मागवली. सगळे एकामागं एक ताटकळलेले, आणि सगळ्यांच्या पुढं एकच नाव. अण्णांचं. त्यांच्या बंद खोलीत त्यांचा संगणक अजून चालू होता, आणि त्यांचा व्यवहार उघडा होता.

असं नवशिके नेहमी करतात. व्यवहार उघडून काहीतरी बदलतात, आणि कमिट म्हणून पक्कं किंवा रोलबॅक म्हणून रद्द न करता चहाला उठून जातात. तोवर तो बदल फक्त त्यांनाच दिसतो, आणि बाकीचे दाराबाहेर तिष्ठत बसतात. हे मावशीनं कितीतरी जणांना शिव्या घालून शिकवलं होतं. पण अण्णा?

त्यांची शेवटची आज्ञा तिनं उघडली. तिच्यात त्यांनी काही बदललं नव्हतं, फक्त विचारलं होतं. कोपऱ्यातल्या खाटेवर कोण आहे?

मावशीनं तोच प्रश्न नोलॉक लावून विचारला. नोलॉक लावलं की कुलपाला न जुमानता आतलं कच्चं, अजून पक्कं न झालेलंही दिसतं. ओळ आली. अण्णांच्या बायकोचं नाव. स्थिती, दाखल. जेवण, साधं.

तेव्हा तिला दोन्ही कोडी एकदम उलगडली. ताटांची यादी तिनंच केली होती, नवशिकी असताना. दिवेलागणीला अडकायला नको म्हणून कुणाचं तरी ऐकून त्यात नोलॉक घातलं होतं. त्यामुळे यादी नेमकी त्याच वेळी निघाली की जे फक्त अण्णांना दिसायला हवं होतं ते स्वयंपाकघरालाही दिसत होतं. रोज संध्याकाळी हा माणूस बायकोला खाटेवर आणून बसवायचा, जरा वेळ बघायचा, रोलबॅक म्हणायचा आणि घरी जायचा. इतक्या वर्षांत एकदाही कमिट नाही. दवाखान्याच्या नोंदीला त्यानं खोट्याचा डाग म्हणून लागू दिला नव्हता.

इंजिनिअर मात्र एवढंच लिहिणार होता की नोंदी सांभाळणारा माणूस मेलेल्या बाईला दाखल करून बसला होता.

काय करायचं ते मावशीला पाठ होतं. अण्णांचा धागा, म्हणजे डेटाबेसशी त्यांची उघडी राहिलेली जोडणी, किल म्हणून तोडायचा, आतलं सगळं आपोआप रद्द होतं. दुसऱ्यांसाठी तिनं ते हसत हसत केलं होतं. आज तिनं अक्षरं लिहिली आणि हात मांडीवर ठेवला. आजवर ती बाई रोज जायची ती उद्या यायची म्हणून. आता तिला कोण आणणार होतं?

दारात ताटवाला उभा होता. त्याला आत यायचं धाडस होईना.

"मावशी, सकाळीपण आलं," तो म्हणाला. "नाश्त्याचं."

"ठेवलंस कुठं?"

"खिडकीत. आणि कुणी हात लावू नका म्हणून सांगितलं."

बाहेर स्ट्रेचरवर कुणीतरी कण्हत होतं. मावशीनं कळ दाबली. मग पुन्हा कोपऱ्यातल्या खाटेची ओळ मागवली. नाव गेलं होतं. रुग्णांच्या टेबलात त्या बाईपुढं पुन्हा मयत असं आलं होतं, आणि या वेळी ते मावशीच्या हातून आलं होतं. भरतीच्या काउंटरवर छपाईची घरघर सुरू झाली.

मोठ्या डॉक्टरांना तिनं फोनवर सांगितलं की अण्णांचं एक काम उघडं राहिलं होतं, बंद केलं, आता इंजिनिअरची गरज नाही. ते बरं म्हणाले. ताटांच्या यादीतलं नोलॉक तिनं त्याच दिवशी काढून टाकलं.

काही दिवसांनी अण्णांची मुलगी त्यांच्या वस्तू न्यायला आली. चष्मा, छत्री, जुना स्वेटर. पिशवी भरून झाली तरी ती उठेना.

"मावशी, एक विचारू?" ती म्हणाली. "बाबा रोज घरी आले की म्हणायचे, तुझ्या आईला बघून आलो. शेजारीपाजारी म्हणायचे, यांना कुणाला तरी दाखवा. तुम्ही दिवसभर जवळ होतात. खरं सांगा, डोकं फिरलं होतं का त्यांचं?"

"डोकं शाबूत होतं," मावशी म्हणाली. "रोज जायचे आणि रोज परत यायचे. फिरलेल्या माणसाला परत येणं जमत नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तेवढं यायचं राहिलं."

मुलीनं डोळे पुसले नाहीत. आईचा वॉर्ड कुठला होता, असं विचारलं. मावशीनं हातानं वाट दाखवली, जिन्यानं वर, डावीकडं, खिडकीचा कोपरा. सोबत येता का, असं मुलीनं विचारलं, तेव्हा तिनं कामाचं निमित्त सांगितलं. काम काहीच नव्हतं. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती.