दोन बटणांचा फुटबॉल

लग्नाला सहा महिने झाले आणि माझा नवरा जहाजावर गेला. तो मरीन इंजिनियर आहे, त्यामुळे तो जाणार हे पहिल्यापासून माहीत होतं. बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत मागे मी आणि सासूबाई दोघीच उरलो, की आम्हाला एकमेकींशी बोलताच येणार नाही, हे मात्र माहीत नव्हतं.

भांडण अजिबात नव्हतं. माझं माहेर दिंडोशीचं. वडील परभणीकडून आलेले, पालिकेच्या पाणीखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही बौद्ध. नवऱ्याचं घर ब्राह्मणांचं, देव्हारा, श्रावणी सोमवार, सत्यनारायण सगळं असलेलं. लग्न आम्ही दोघांनीच ठरवलं. सासूबाईंनी एका शब्दानं विरोध केला नाही. लग्नात त्या माझ्या आईला हाताला धरून जेवायला घेऊन गेल्या, शेजारी बसल्या, आग्रह करून वाढलं. पण पुढे माझ्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांशी माझी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "ही आमच्या मुलाची बायको." सून म्हणाल्या नाहीत. एवढंच झालं. पण ते माझ्या मनात राहिलं.

सासूबाईंनी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. व्याकरणात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. तरी आमच्या बोलण्यात कर्ताच नसायचा. "चहा टाकायचा का?" "आज ऑफिसला जायचंय?" "दुधाची पिशवी आणायची राहिली." तू नाही, तुम्ही नाही. मीही तेच शिकले. "अहो आई" असं मोठ्यानं म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून काही सांगायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांचं लक्ष जाईपर्यंत उभी राहायचे. आठवड्यातले तीन दिवस माझं काम घरूनच असायचं. त्या दिवसांत तर घरात फक्त पंख्याचा आवाज.

एका रविवारी त्यांनी टीव्हीखालचं कपाट आवरायला काढलं. मागच्या कोपऱ्यातून नवऱ्याचा कॉलेजच्या वेळचा व्हिडिओ गेम निघाला. काळा खोका, त्यावर बोटभर धूळ, आणि दोन रिमोट. त्यांच्या वायरींना गुंडाळलेली रबरं वितळून चिकटून गेली होती.

"हा वॉचमनच्या मुलींना देता येईल," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी चालतो का ते बघायला हवं. बंद पडलेली वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची नाही."

मी वायरी पुसल्या, टीव्हीला जोडल्या. खोक्यात एक सीडी अडकूनच राहिली होती. ती घरघरली आणि पडद्यावर एक गल्ली आली. दोन्ही बाजूंना बंद दुकानांची शटर, टोकांना दोन गोल, आणि चार-चार जणांचे दोन संघ. पिवळे आणि निळे. रस्त्यावरचा फुटबॉल. मी बटणं दाबून बघितली. एका बटणानं पास, दुसऱ्यानं शूट. बॉल दुसऱ्याकडे असेल तर त्याच दुसऱ्या बटणानं धक्का. संपलं. बाकीची बटणं नुसती शोभेला.

सासूबाई मागे फडकं घेऊन उभ्या होत्या. "पंच कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पंच नाहीये यात."

"मग चूक झाली तर?"

"काही नाही. खेळत राहायचं."

त्यांना ते पटलं नाही, चेहऱ्यावरून दिसत होतं. दुसरा रिमोट चालतो का हेही बघायला हवं होतं, म्हणून तो मी त्यांच्या हातात दिला. त्या सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या आणि दिसेल ते बटण दाबू लागल्या. त्यांच्या निळ्यानं माझ्या पिवळ्याला असा काही धक्का मारला, की तो शटरवर आदळून खाली बसला. त्या दचकल्या, "अरे देवा!" म्हणाल्या आणि रिमोट मांडीवर ठेवला. माझा पिवळा उठला आणि पळायला लागला. त्यांनी ते बघितलं. मग रिमोट परत उचलला.

त्या दिवशी आम्ही सात मॅच खेळलो.

वॉचमनच्या मुलींना आम्ही नवा कॅरम आणून दिला. ते सुचवलं सासूबाईंनीच, माझ्याकडे न बघता.

मग मी घरी असले की रोज साडेपाचला, चहा झाल्यावर खेळायचं ठरून गेलं. पहिला पाच गोल करील तो जिंकला. एक मॅच जेमतेम तीन-चार मिनिटांची. त्या माझ्याकडून पाच-शून्य, पाच-एक हरायच्या, मग पाच-तीन हरू लागल्या, आणि महिन्याभरात एका बुधवारी जिंकल्या. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी शेवयांची खीर केली. कारण सांगितलं नाही.

व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला कळलं तेव्हा तो इतका हसला, की त्याच्या मागून जाणारा कुणी तरी थांबून बघायला लागला. "अगं, तो एकदम थर्ड क्लास गेम आहे यार! थांब, मी झकास नवीन पाठवतो." खरंच पुढच्या आठवड्यात नवीन मशीन घरी आलं. त्यातला फुटबॉल अगदी खऱ्यासारखा. गवत हलायचं, खेळाडूंच्या कपाळावर घाम दिसायचा. पण खेळ सुरू होण्याआधी संघ निवडा, रचना निवडा, हवामान निवडा. मग मॅच सुरू झाली की सासूबाईंनी बॉल पुढे मारायचा आणि शिट्टी. ऑफसाइड. परत मारायचा, परत शिट्टी. मी त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते समजावलं. त्यांना ते माझ्याहून लवकर समजलं.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण नियम पाळायचं मी आयुष्यभर केलंय. साडेपाच वाजता परत कशाला?"

दोन दिवसांनी आम्ही जुना खोका पुन्हा जोडला.

मी तेव्हापासून याचा विचार करत आले आहे. एवढ्याशा खेळात एवढी मजा कुठून यायची? त्यात बॉल बाहेर जातच नाही. कितीही वेडावाकडा मारला तरी शटरवर आपटतो आणि परत येतो. खेळाडूंना नावं नाहीत, चेहरे नीट दिसत नाहीत, कुणी थकत नाही, कुणाला पायाला लागत नाही. घोडचूक केली तरी दहा सेकंदांत ती जुनी होते, कारण बॉल कुणाच्या तरी पायात आलेला असतो आणि त्याचं काही तरी करायचं असतं. आणि मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं. काल कोण जिंकलं हे त्या खोक्याला ठाऊक नसतं. आमच्या घरात तेव्हा एकेक शब्द चार-चार दिवस पडून राहायचा. हळदीकुंकवाचा शब्द तर तीन महिने पडून होता. अशा घरात रोज शून्य-शून्यपासून सुरू होणारी एक गोष्ट आली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. फक्त साडेपाच कधी वाजतात याकडे लक्ष असायचं.

एकमेकींविरुद्ध खेळून झाल्यावर आम्ही एका बाजूनं खेळू लागलो. दोघी पिवळ्या, समोर कॉम्प्युटरचे निळे. हे अवघड होतं, कारण आता एकमेकींना सांगावं लागायचं. एक दिवस चार-चार झालं. बॉल सासूबाईंकडे होता आणि माझा खेळाडू गोलसमोर एकटा, मोकळा.

"दे!" मी म्हणाले. त्यांनी दिला नाही.

"अगं दे ना! दे, दे! झोपलीस काय?"

त्यांनी स्वतःच शूट मारला. बॉल शटरवर आपटला, निळ्यांनी पळवला आणि गोल झाला. आम्ही हरलो. मला आपण काय बोललो ते तेव्हा ऐकू आलं. माझी वाट लागली. सासूला "अगं"? सासूला "झोपलीस काय"?

सासूबाईंनी रिमोटची वायर नीट गुंडाळली, तो टीव्हीशेजारी ठेवला. "कुकर लावायचाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या म्हणाल्या, डोळे दुखतायत. तिसऱ्या दिवशी त्यांना भजनाला जायचं होतं. भजन गुरुवारी असायचं आणि तो मंगळवार होता. चौथ्या दिवशी मला राहवेना. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी दारात उभी न राहता आत जाऊन समोर बसले.

"आई, त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. चुकलं माझं."

"काय निघून गेलं?"

"ते... झोपलीस का म्हणाले."

त्यांनी एक जुडी सोडवली. "मी झोपले नव्हते. डावीकडून निळा आडवा येत होता. तुला दिसला नाही तो."

तुला. त्या मेथीच निवडत राहिल्या, पण हात सावकाश चालत होता.

"हे होते तेव्हा 'अगं' ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "नंतर माझी बहीण होती. ती गेल्यावर मी मुलाची आई झाले आणि बाकी सगळ्यांची बाई. मुलगा तू म्हणतो, पण ते आईला. असं बरोबरीनं कुणी ओरडलं नव्हतं. त्या दिवशी तू ओरडलीस आणि छातीत धस्स झालं. राग नाही आला. काय आलं ते कळायला एवढे दिवस लागले."

"मग तुम्ही मला का नाही तू म्हणालात? इतके महिने?"

त्यांनी हातातली काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "भीती वाटायची. माझ्या लहानपणी आमच्या घरी कामाला माणसं यायची. माझ्या वडिलांच्या वयाची. त्यांना घरातली शेंबडी पोरंसुद्धा 'ए, तू' करून हाका मारायची. का, ते तुला माहीत आहे. मीही मारल्यात. तुला तू म्हणायला गेले की ते आठवायचं. वाटायचं, तुझ्या कानाला ते तसंच लागेल. आणि तुम्ही म्हणावं, तर सुनेला कुणी तुम्ही म्हणतं का?"

आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या बाईला एक सर्वनाम सापडत नव्हतं. मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांना लोक कसे हाका मारायचे ते बाबांनी मला सांगितलेलं आहे.

म्हणून मी तेही विचारलं, जे विचारणार नव्हते. "आणि हळदीकुंकवाला? मुलाची बायको म्हणालात ते?"

त्यांनी मेथी खाली ठेवली. दुसरं कुणी असतं तर सहज बोलून गेले, लक्षात नाही, असं म्हणून मोकळं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ते भीतीनं नाही. त्या बायकांसमोर सून म्हणताना मी कचरले. ते चुकलंच."

मला वाईट वाटलं. जे मला वाटत होतं ते खरंच होतं, याचं वाईट वाटलं. पण इतके महिने मी एकटीच ते धरून बसले होते, ते आता आम्हा दोघींमध्ये मेथीच्या ताटासारखं उघड्यावर आलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तराची वाट बघत होत्या की नुसत्याच, ते मला समजलं नाही.

"पुढच्या वेळी सून म्हणा," मी म्हणाले.

"म्हणेन." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "चल, ऊठ. सहा वाजत आले."

त्या संध्याकाळी आम्ही काही जिंकलो नाही. पण आवाज इतका झाला, की वरच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

हे सगळं गेमनं केलं असं मी म्हणणार नाही. बोललो आम्ही मेथी निवडताना, टीव्ही बंद असताना. पण त्या खेळात विचार करून बोलायला वेळच नसतो. दे, मार, मागे बघ, सोड. तिथे आज्ञार्थच चालतो, आणि आज्ञार्थात समोरच्याला तू म्हणावं लागतं किंवा तुम्ही, मधली जागा उरत नाही. आणखी थोडा अवघड खेळ असता तर आम्ही दोघी त्यातसुद्धा जपून राहिलो असतो.

पुढच्या संक्रांतीला त्या मला सून म्हणाल्या. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या. मी अजून त्यांना तुम्हीच म्हणते, तू फक्त खेळताना. हा नियम कुणी केला नाही, तो तसाच पडला. आणि सगळं गोड झालं असंही नाही. त्यांचे एक-दोन नातेवाईक आले की घरात अजून एक वेगळी शांतता येते. अशा वेळी कधी त्या बोलतात, कधी बोलत नाहीत.

गेल्या वर्षी माझे आई-बाबा दिंडोशीहून आले होते. लग्नानंतर ते आले की आम्ही चौघं सोफ्यावर पोह्यांच्या बश्या धरून बसायचो आणि हवेबद्दल बोलायचो. त्या दिवशी हवा संपली. सासूबाईंनी बाबांच्या हातात रिमोट दिला.

"अहो, उलटा धरलाय," त्या म्हणाल्या. "हा पास, हा शूट. बाकीच्याकडे बघू नका."

बाबांनी तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या खेळाडूला शटरवर ढकललं आणि घाबरून रिमोट सोडून दिला. "माफ करा हां, विहीणबाई."

"माफ कसलं करायचं? पळा! बॉल तुमच्याकडे आहे!"

बाबा पाच-एक हरले. घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला, पुढचा शनिवार मोकळा आहे का विचारायला. आता ते महिन्यातून दोनदा येतात. सासूबाईंचा अंगठा हल्ली दुखतो, डॉक्टरांनी कमी खेळा म्हणून सांगितलंय, म्हणून शनिवारी त्या तीनच मॅच खेळतात. सीडी कधी लागते, कधी चार वेळा पुसावी लागते. माझी आई खेळत नाही. ती शेजारी बसून दोघांना बॉल कुणाकडे द्यायचा ते सांगत राहते, आणि सासूबाई वैतागतात.

"एवढं दिसतंय तर तुम्ही खेळा ना," त्या परवा म्हणाल्या.

आईनं पदर खोचला आणि विचारलं, "पास कुठलं म्हणालात?"