तुटलेल्या शाफ्टच्या आत

नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांच्या वाट्याला प्रयोगशाळा येते ती शनिवारी. आठवडाभर मी बंगळुरात हेब्बाळच्या पलीकडे एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग बघायची आणि शनिवारी संस्थेत विद्यार्थिनी व्हायची. विषय होता, शाफ्ट, म्हणजे यंत्रातले फिरते दांडे, का तुटतात. पीएचडीच्या समितीने बजावलं होतं, या सत्रात खऱ्या तुटीचा पुरावा दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द.

बऱ्याच प्रतीक्षेनंतर एक शाफ्ट हाती आला, यंत्रात फिरता फिरता मोडलेला. दोन्ही तुकडे कापडात गुंडाळून मी माझ्या मार्गदर्शक सरांसमोर ठेवले. सर माझ्याहून लहान. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"मॅडम, हे जोडून कोणी बघितलं?"

"आमच्याकडे सगळेच बघतात. काही तुटलं की आधी जोडून बघायचं."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून पुरावा घासून टाकला."

खरं होतं. तुकडे नीट बसले की कारखान्यातल्या माणसाला बरं वाटतं. पण बसवताना तुटीवरची बारीक नक्षी चिरडून जाते. मी कापड परत गुंडाळायला लागले.

"स्वल्प थांबा," सर कन्नड वळणाने म्हणाले. "जरा थांबा. या दुसऱ्या तुकड्याचा कडेचा टवका कुठंय?"

"हरवला."

"उत्तम झालं."

टवका उडालेल्या जागी दोन तुकडे एकमेकांना टेकलेच नव्हते. पहिल्या तुकड्याचा तेवढा कोपरा कापून आम्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये ठेवला. पडद्यावर आधी नुसता राखाडी खडबडीतपणा. सर चित्र मोठं करत गेले आणि रेषा उमटल्या, एकीला लागून एक, आटत्या तळ्याच्या काठावर पाण्याच्या खुणा राहतात तशा.

"शाफ्टवर ताण आला की भेग एवढी पुढे सरकली. एका ताणाची एक रेषा," सर म्हणाले.

असे कितीतरी शाफ्ट मी भंगारात पाठवले आहेत. तुटताना मोठा आवाज होतो, माणसं धावतात, आणि अहवालात आम्ही 'अचानक' लिहितो. इथे तर शाफ्ट फिरत होता, काम करत होता आणि आतल्या आत पोलाद केसाहून बारीक पावलांनी उलगडत होतं. कोणाच्या नजरेला न पडता. मी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

"समितीला एवढं पुरेल," सर म्हणाले. "चला, मायक्रोस्कोपसाठी पुढचे लोक बाहेर थांबलेत."

"त्यांना कॉफी प्यायला पाठवा," मी म्हटलं. "आणि जरा डावीकडे घ्या. ही भेग सुरू कुठून झाली ते बघायचंय मला."